प्रशियन जनरलची सेवापुस्तिका कशी मांडावी

जनरलचं चरित्र हातात आलं की माणसं आधी लढाईचं प्रकरण उघडतात. तसं करू नका. आधी त्याच्या नोकरीचा कागद करा. कधी लागला, कोणत्या पलटणीत लागला, बढती कधी मिळाली, बदली कुठे झाली, कोणत्या महिन्यात घरी बसवला. प्रशियाच्या (जर्मन साम्राज्यातलं सर्वांत मोठं राज्य) सरदारघराण्यांतल्या सेनापतींच्या बाबतीत तर दुसरी वाटच नाही, कारण त्यांच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या नोकरीत प्रत्यक्ष युद्धाचे महिने फार थोडे. १८७१ नंतर थेट १९१४ पर्यंत प्रशियन सैन्य युरोपात एकही युद्ध लढलं नाही. मधली सगळी वर्षं कवायत, कचेरी, बदल्या आणि ज्येष्ठता यादी.

ज्येष्ठता यादीचं नाव काढलं की मला चेव येतो. माझी सगळी नोकरी फोर्टातल्या एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत गेली. सेवापुस्तिका भरायच्या, वेतननिश्चिती करायची, आणि ‘माझ्यामागून लागलेला माझ्याआधी अव्वल कारकून झालाच कसा?’ म्हणून भांडायला आलेल्यांना मानीव दिनांक, म्हणजे आदेशाआधीची धरलेली ज्येष्ठतेची तारीख, समजावून सांगायचा. निवृत्तीनंतर काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकले. पुढे भावाच्या मुलीने कालिन्याला एम.ए.साठी हिंडेनबर्ग, म्हणजे पहिल्या महायुद्धातला जर्मन फील्डमार्शल, हा विषय घेतला आणि ‘आत्या, जर्मन तेवढं वाचून दे’ म्हणत दारात उभी राहिली. तिला जे दाखवलं तेच इथे जरा विस्ताराने लिहिते. उदाहरण हिंडेनबर्गचंच ठेवते, पद्धत कोणत्याही प्रशियन जनरलला चालेल.

वही आणि रकाने

अब्दुल रेहमान स्ट्रीटवर आडवी लांब रजिस्टरं मिळतात, त्यातलं एक आणा. संगणकावर तक्ता केलात तरी हरकत नाही, पण एका नजरेत पूर्ण नोकरी दिसली पाहिजे. रकाने असे: दिनांक, हुद्दा, पद, पलटण किंवा कचेरी, गाव, ही नोंद कुठून घेतली, आणि शेरा.

हुद्दा आणि पद एकाच रकान्यात कोंबू नका, निम्मे घोटाळे तिथेच होतात. आपल्याकडे एखाद्याकडे कार्यभार आधी येतो आणि पदोन्नतीचा आदेश मागून, तसंच तिथेही चालायचं. हिंडेनबर्ग १८९३ मध्ये ओल्डेनबुर्गच्या ९१ व्या पायदळ रेजिमेंटचा प्रमुख झाला तेव्हा तो लेफ्टनंट कर्नल होता. कर्नल झाला १८९४ मध्ये. माग्डेबुर्गची चौथी कोर (डिव्हिजनच्या वरची मोठी फौज) त्याच्याकडे १९०३ मध्ये आली आणि त्या पदाला साजेसा हुद्दा १९०५ मध्ये. रकाना एकच असेल तर कोणती तरी तारीख खोटी ठरते आणि मग तुम्ही दोन पुस्तकांतल्या ‘विसंगती’वर उगाच परिच्छेद लिहीत बसता. विसंगती नसतेच.

नाव

पूर्ण नाव पाउल लुडविग हान्स आंतोन फॉन बेनेकेनडॉर्फ उंड फॉन हिंडेनबर्ग. दोन घराण्यांची नावं १७८९ मध्ये एका वारशाच्या निमित्ताने जोडली गेली. जुन्या याद्यांत तो एच खाली सापडला नाही तर बी खाली बघा. ‘फॉन’ अक्षरानुक्रमात धरत नाहीत, त्यामुळे व्ही खाली कोणालाच शोधू नका. इंटरनेटवर नुसतं आडनाव टाकलंत तर १९३७ मध्ये पेटलेलं वायुजहाज येतं, आणि आपल्या शेअर बाजाराला २०२३ मध्ये हादरा देणारी अमेरिकन कंपनी येते. कंपनीने नाव त्या जहाजावरून घेतलं होतं आणि जहाजाचं नाव या गृहस्थावरून ठेवलेलं. शोधताना ‘फेल्डमार्शल’ जोडा.

एकाच नावाच्या दोघांची गल्लत फार होते. हेल्मुट फॉन मोल्टके दोन. थोरला १८०० ते १८९१, ज्याने १८६६ आणि १८७० ची युद्धं जिंकून दिली; धाकटा त्याचा पुतण्या, १८४८ ते १९१६, ज्याच्या हातून १९१४ मध्ये फ्रान्समधली मार्नची मोहीम निसटली. ब्यूलो, क्लाइस्ट, आर्निम या घराण्यांनी तर पिढ्यानपिढ्या अधिकारी पुरवले. एकाच पलटणीत एकाच आडनावाचे दोन-तीन असले की यादीत नावापुढे रोमन आकडे घालत. तो आकडा उतरवून घ्या, पण तो कायमचा धरू नका; माणूस पलटण बदलतो आणि आकडाही बदलतो.

‘फॉन’ असला म्हणजे पिढीजात जमीनदार असं समजू नका. आउगुस्ट माकेनझेन हा इस्टेटीच्या कारभाऱ्याचा मुलगा. १८९९ मध्ये कैसरने (जर्मन सम्राटाने) त्याला सरदारकी दिली, तेव्हा तो फॉन माकेनझेन झाला. त्या तारखेआधीच्या याद्यांत ‘फॉन’शिवाय शोधावं लागतं. सरदारकी मिळाली ती तारीख ही नोकरीतलीच नोंद आहे, वहीत चढवा. उलट हिंडेनबर्गचा महायुद्धातला उजवा हात लुडेनडॉर्फ शेवटपर्यंत बिन-फॉनचा राहिला.

या सगळ्याला मोठी पार्श्वभूमी आहे. १८६० च्या सुमारास प्रशियन अधिकाऱ्यांत सुमारे ६५ टक्के सरदारघराण्यांतले होते, १९१३ पर्यंत ते प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. पण कर्नल आणि त्यावरच्या हुद्द्यांत १९१३ मध्येही निम्म्याहून थोडे जास्त सरदारच होते. खालची पायरी उघडली, वरची तितकी नाही. म्हणून हुद्द्यागणिक बघायचं, सरसकट नाही.

कागद कुठे मिळतात

पहिली वाईट बातमी. पोट्सडाममध्ये प्रशियन सैन्याचं जे दप्तर होतं ते एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. वैयक्तिक फायली बहुतेक गेल्या. बव्हेरियाचं सैन्य वेगळं होतं, त्यांचं युद्ध मंत्रालय वेगळं, आणि त्यांचं दप्तर म्युनिकला बऱ्यापैकी शाबूत आहे. म्हणून तुमचा जनरल ‘जर्मन’ आहे एवढ्यावर थांबू नका. प्रशियन की बव्हेरियन की सॅक्सन, हे पहिल्याच ओळीत लिहा. शोध कुठे घ्यायचा ते त्यावर ठरतं.

प्रशियनांसाठी आधार म्हणजे छापील याद्या. सैन्याची ‘रांगलिस्ट’ शांततेच्या काळात जवळजवळ दरवर्षी छापली जायची. प्रत्येक पलटण, तिचं गाव, आणि अधिकारी ज्येष्ठतेच्या क्रमाने. मोठ्या जर्मन ग्रंथालयांनी बरेच खंड स्कॅन करून फुकट ठेवलेत, त्यामुळे मुंबईत बसून हे काम होतं. महायुद्धाआधीचा शेवटचा खंड ६ मे १९१४ ची स्थिती दाखवतो. जोडीला ‘मिलिटेर-वोखेनब्लाट’ हे १८१६ पासूनचं लष्करी साप्ताहिक आहे, त्यात बदल्या-बढत्यांचे आदेश छापून येत. आपलं राजपत्र समजा. आणि कुर्ट फॉन प्रीसडॉर्फने १९३० च्या दशकात प्रशियन जनरलांच्या कारकिर्दींचे दहा खंड काढायला घेतले, तेव्हा पोट्सडामचं दप्तर अजून जळायचं होतं. त्यामुळे नुसत्या तारखांसाठी ते खंड अजूनही लागतात. काळ नाझी राजवटीचा होता, तेव्हा त्यातली स्तुती गाळून तारखा तेवढ्या घ्या.

इंग्रजी चरित्रं आणि त्या काळची वर्तमानपत्रं यांच्यासाठी टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिकमध्ये जा, किंवा डेव्हिड ससूनमध्ये चौकशी करा. तिथे बसून वाचायला छान वाटतं हे खरं, पण तारखा पुस्तकातून घेऊ नका. पुस्तक यादीवरून तपासा.

याद्या वाचायला जर्मन फारसं लागत नाही, लिपी लागते. अक्षरं जुनी, काटेरी. त्यात एस दोन प्रकारचे. लांब एस अगदी एफसारखा दिसतो. फरक आडव्या रेघेत आहे: एफची रेघ खांबाच्या दोन्ही बाजूंना जाते, लांब एसला असलीच तर फक्त डावीकडे. मोठा बी आणि मोठा व्ही जुळे भाऊ, मोठा आय आणि जे तर एकच. संगणकाचा शोध याच ठिकाणी फसतो, म्हणून नाव सापडलं नाही तर पलटणीचं पान उघडून डोळ्यांनी बघा. दोन-तीन संध्याकाळी त्रास होतो, मग नजर बसते.

आता खरी युक्ती. लागोपाठच्या दोन वर्षांच्या याद्या शेजारी-शेजारी उघडा. तुमच्या माणसाच्या वर किती नावं होती आणि वर्षभरात किती उरली, ते मोजा. वरची नावं कुठे गेली ते शोधा: बढती, बदली, निवृत्ती की मृत्यू. युद्ध झालेल्या वर्षानंतर यादी झपाट्याने वर सरकते, कारण वरचे मेलेले असतात. हे वाचायला बरं वाटत नाही, पण १८७० नंतरच्या गार्ड (राजाच्या खास) पलटणींच्या याद्यांत ते स्पष्ट दिसतं.

हुद्दे

आपल्या सैन्याच्या सवयीने वाचलंत तर एक पायरी चुकेल. प्रशियन सैन्यात ब्रिगेडियर हा हुद्दाच नव्हता. ब्रिगेड सांभाळायची गेनेरालमायोरने, डिव्हिजन गेनेराललॉयट्नांटने, आणि कोर सांभाळायची पूर्ण जनरलने, ज्याच्या हुद्द्याला शाखेचं नाव जोडलेलं असायचं: पायदळाचा जनरल, घोडदळाचा जनरल, तोफखान्याचा जनरल. आपल्याकडे मेजर जनरलकडे डिव्हिजन असते आणि लेफ्टनंट जनरलकडे कोर. म्हणजे नावं सारखी आणि कामं एक घर सरकलेली. त्यावर गेनेरालओबर्स्ट आणि सर्वांत वर फील्डमार्शल.

खालच्या बाजूला: १८९९ च्या १ जानेवारीपर्यंत लेफ्टनंट दोन प्रकारचे, सेकोंद आणि प्रेमियर. त्या दिवसापासून त्यांना लॉयट्नांट आणि ओबरलॉयट्नांट म्हणू लागले. माणसाला बढती मिळालेली नसते, पाटी बदललेली असते. घोडदळातला कॅप्टन रिटमाइस्टर.

काही शेरे नेमके ओळखा, कारण त्यात पगार, मान आणि अपमान लपलेला असतो. हुद्द्याआधी ‘खाराक्टर’ असेल तर तो नुसता मानाचा. निवृत्तीच्या दिवशी जाता जाता द्यायची पद्धत होती. ‘नेतृत्व सोपवले’ असं असेल तर तो प्रभारी, कायम नव्हे. ‘त्सुअर डिस्पोझिट्सिओन’ म्हणजे घरी, पण गरज पडली तर बोलावता येईल असा. ‘आउसर डीन्स्ट’ म्हणजे पुरता घरी. ‘पाटेंट’ ही ज्येष्ठतेची तारीख, आणि ती आदेशाच्या तारखेआधीची असू शकते. आपला मानीव दिनांकच! एखाद्याचं पाटेंट मागच्या तारखेचं दिसलं तर त्याच्यावर वरून कृपादृष्टी आहे, हे शेऱ्यात लिहा.

ही कृपादृष्टी येते कुठून? राजाच्या लष्करी सचिवालयातून. बढत्या-बदल्यांचे आदेश राजाच्या सहीने तिथून निघत, युद्धमंत्री आणि संसद दोघांनाही त्यात फारसं विचारत नसत. घरी बसवायचा निरोप निळ्या पाकिटातून यायचा. कॅप्टनवरून मेजर होताना बरेच जण गळत, आणि अधिकाऱ्यांच्या बोलण्यात त्या जागेला ‘मेजरचा कोपरा’ म्हणत. तो कोपरा तुमच्या माणसाने किती वर्षांत ओलांडला, ते काढा.

हिंडेनबर्गची पानं

माझ्या वहीतल्या नोंदी थोडक्यात:

१८४७, २ ऑक्टोबर: जन्म, पोझन. वडील प्रशियन अधिकारी, आई लष्करी डॉक्टरची मुलगी.
१८५९: वालश्टाटची कॅडेट शाळा. १८६३ पासून बर्लिन. १८६५ मध्ये विधवा राणी एलिझाबेटचा सेवक-कॅडेट.
१८६६: सेकोंद-लेफ्टनंट, गार्डची तिसरी पायदळ रेजिमेंट. ३ जुलैला क्योनिगग्रेत्सची लढाई. गोळी शिरस्त्राणातून गेली, डोक्याला खरचटलं.
१८७०, १८ ऑगस्ट: सां प्रिवाची लढाई. आयर्न क्रॉस, दुसरा वर्ग. १८ जानेवारी १८७१ ला व्हर्सायमध्ये साम्राज्याच्या घोषणेला रेजिमेंटचा प्रतिनिधी.
१८७२: प्रेमियर-लेफ्टनंट. १८७३ ते १८७६ बर्लिनची युद्ध अकादमी.
१८७८: कॅप्टन, जनरल स्टाफ (युद्धाच्या योजना आखणारी कचेरी), श्टेटिन. पुढे क्योनिग्सबेर्ग.
१८८४: ५८ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये कंपनी कमांडर, फ्राउस्टाट.
१८८५: मेजर, बर्लिनच्या मुख्य जनरल स्टाफमध्ये.
१८८९: युद्ध मंत्रालय, पायदळाचं काम.
१८९३: रेजिमेंट प्रमुख, ओल्डेनबुर्ग.
१८९६: आठव्या कोरचा चीफ ऑफ स्टाफ, कोब्लेन्त्स. १८९७ मध्ये गेनेरालमायोर.
१९००: गेनेराललॉयट्नांट, २८ वी डिव्हिजन, कार्ल्सरूह.
१९०३: चौथी कोर, माग्डेबुर्ग. १९०५ मध्ये पायदळाचा जनरल.
१९११, मार्च: निवृत्त. मुक्काम हानोव्हर.

आता ही पानं वाचायची कशी ते सांगते, कारण भरणं सोपं असतं.

सर्वांत आधी, लागला कुठे? गार्डमध्ये. ही साधी नेमणूक नाही. पलटणीत नवा मुलगा घ्यायचा तर तिथल्या अधिकाऱ्यांची संमती लागायची. १८०८ च्या सुधारणांपासूनची ही पद्धत. कागदावर निकष शिक्षणाचा, प्रत्यक्षात ‘आपल्यातला’ आहे का हेही बघितलं जाई, आणि गार्डमध्ये ते जास्तच. वडील अधिकारी, कॅडेट शाळा, राणीच्या पदरी काढलेले दिवस, या तीन नोंदी एकत्र ठेवल्या की गार्डची नेमणूक समजते. घराण्याची पुण्याई इथे कामाला आली.

पण पुढची बारा वर्षं बघा. १८६६ ला सेकोंद-लेफ्टनंट आणि १८७८ ला कॅप्टन. मध्ये दोन युद्धं, एक पदक आणि तीन वर्षांची अकादमी. सरदार, गार्डचा, लढलेला, आणि तरी एवढा वेळ. कॅप्टन ते मेजर आणखी सात वर्षं. आडनावाने दार उघडलं, जिना मात्र त्याला आपल्या पायांनी चढावा लागला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यांत महत्त्वाची नोंद क्योनिगग्रेत्सची नसून अकादमीची आहे. जनरल स्टाफचं दार तिथून उघडत होतं. १८६६ चं रणांगण पाहिलेले लेफ्टनंट शेकड्यांनी होते, अकादमी पार करून स्टाफमध्ये शिरलेले थोडे.

१८८४ ची नोंद बघून पुतणीने विचारलं, ‘आत्या, याला शिक्षा झाली होती का?’ स्टाफमधला हुशार कॅप्टन उचलून फ्राउस्टाटसारख्या लहान गावात कंपनी सांभाळायला का टाकला? शिक्षा नाही. स्टाफच्या माणसाला मधून मधून पलटणीत पाठवायचा दंडकच होता, कागदात बुडालेल्याला पायाखालची माती विसरू द्यायची नाही म्हणून. वहीत स्टाफ आणि पलटण असे आलटून-पालटून दिसले की नोकरी नीट चालली आहे. नुसता स्टाफ दिसला किंवा नुसती पलटण, तर कारण शोधा.

रिकामे रकानेही वाचा. हिंडेनबर्गच्या वहीत ब्रिगेड नाही. कोब्लेन्त्सला चीफ ऑफ स्टाफ म्हणून बसला आणि तिथून सरळ डिव्हिजनवर गेला. ब्रिगेडची पायरी गाळली गेली, म्हणजे वर त्याचं वजन होतं.

लग्नाची नोंद गाळू नका. १८७९, गेरट्रूड फॉन श्पेर्लिंग, जनरलची मुलगी. अधिकाऱ्याला लग्नाला राजाची परवानगी लागायची, आणि खालच्या हुद्द्यावर असेल तर संसार चालेल एवढं खासगी उत्पन्न दाखवावं लागायचं. कोणाचं लग्न कोणत्या हुद्द्यावर झालं यावरून घरची पैशाची स्थिती कळते.

१९११ बद्दल एक कथा हमखास वाचाल: सरावाच्या लढाईत याने कैसरला हरवलं म्हणून घरी बसवलं. वही काय म्हणते? वय त्रेसष्ट, कोरवर आठ वर्षं, मागे बढतीला थांबलेले कितीतरी. मी ती कथा शेऱ्यात ‘ऐकीव’ म्हणून लिहिली आणि पुढे गेले. कथा चांगली असली तरी तिला तारीख लागते.

१९१४ चं पान वेगळं काढा. २२ ऑगस्टला हानोव्हरला तार आली, आणि निवृत्त जनरल आठव्या सैन्याचा प्रमुख झाला, कारण आधीच्या फॉन प्रिटविट्सला काढलं होतं. पहाटे लुडेनडॉर्फची खास गाडी त्याला हानोव्हर स्टेशनवर घ्यायला आली. २६ ते ३० ऑगस्ट टानेनबेर्गची लढाई, रशियनांविरुद्ध. त्याच दिवसांत गेनेरालओबर्स्ट, २७ नोव्हेंबरला फील्डमार्शल. पंचेचाळीस वर्षांत जी उंची गाठली नव्हती ती तीन महिन्यांत. शेऱ्यात हेही लिहा की तो पोचण्याआधीच आठव्या सैन्याच्या कचेरीत बसलेल्या माक्स होफमान या लेफ्टनंट कर्नलने बरेच हुकूम काढून ठेवले होते. वर सरदारघराण्याचं नाव, खाली लुडेनडॉर्फ आणि होफमान, दोघेही बिन-फॉनचे. श्रेयाचा वाद घालायचा तर या तिघांच्या सेवापुस्तिका शेजारी ठेवून घाला. रशियन पुस्तकांतल्या तारखा त्या महिन्यात तेरा दिवस मागे असतात, तेवढं जमवून घ्या.

गावांची नावं

निम्मी गावं आज जर्मनीत नाहीत. पोझन म्हणजे पोझनान, श्टेटिन म्हणजे श्चेचिन, ब्रेसलाऊ म्हणजे व्रोत्सवाफ, फ्राउस्टाट म्हणजे व्शोवा, वालश्टाट म्हणजे लेग्नित्स्के पोले; सगळी पोलंडमध्ये. क्योनिग्सबेर्ग रशियाकडे, कालिनिनग्राद. वहीत नोकरीच्या काळचं नाव लिहा, नकाशासाठी आजचं शेऱ्यात. परळ-भायखळ्याच्या गिरण्यांचे पत्ते शोधणाऱ्यांना ही सवय असतेच.

फोटो

चोर बाजारात मटण स्ट्रीटवर जुन्या फोटोंच्या ढिगात कधी कधी युरोपियन लष्करी चेहरे निघतात. हुद्दा खांद्यावरून ओळखा. खांद्यावर जाड वेणीसारखी पट्टी असली तर जनरल: तारा नसला तर गेनेरालमायोर, एक असला तर गेनेराललॉयट्नांट, दोन असले तर पूर्ण जनरल, तीन असले तर गेनेरालओबर्स्ट, आणि आडवे-तिडवे दोन दंड असले तर फील्डमार्शल. मग वहीत बघा, तो हुद्दा त्याच्याकडे कोणत्या ते कोणत्या वर्षी होता. फोटोचा काळ तेवढ्यात सापडतो. आयर्न क्रॉस विकायला दिसला तर खालच्या टोकावरचं साल बघा, १८७० की १९१४, आणि लोहचुंबक लावा. अस्सलचा गाभा लोखंडाचा असतो. विकणाऱ्याला चुंबक आवडत नाही.

एकाच वहीवर थांबू नका

एका माणसाच्या वहीवरून त्याची नोकरी नेहमीची होती की वेगळी, हे कळत नाही. निदान दोन वह्या आणखी करा. मी थोरला मोल्टके आणि श्लीफेन घेतले. मोल्टके डेन्मार्कच्या सैन्यातून १८२२ मध्ये प्रशियात आला, १८३५ ते १८३९ तुर्कस्तानात काढली, राजपुत्रांच्या पदरी राहिला, आणि कंपनी, बटालियन, रेजिमेंट यातलं काहीही न सांभाळता १८५७ मध्ये जनरल स्टाफचा आधी प्रभारी आणि पुढच्या वर्षी कायम प्रमुख झाला. आमच्या कचेरीत अशी फाईल आली असती तर तीन हरकती निघाल्या असत्या. श्लीफेनच्या वहीत १८७६ ते १८८४ एकच ओळ आहे: गार्डच्या पहिल्या उलान (भालाधारी घोडदळ) रेजिमेंटचा प्रमुख, पोट्सडाम. तो १८९१ ते १९०५ स्टाफचा प्रमुख होता आणि सेनापती म्हणून एकही लढाई लढला नाही.

तिसरी वही जमली तर वाल्डरझेची करा, बदली कशी वाचायची ते शिकायला. तो १८८८ मध्ये मोल्टकेच्या जागी आला, कैसरशी बिनसलं, आणि १८९१ मध्ये त्याला अल्टोनाला नवव्या कोरवर धाडलं. हुद्दा कमी झाला नाही, कागदावर शिक्षाही नाही, पण बर्लिन सुटलं. हुद्द्याचा रकाना हे सांगत नाही, गावाचा सांगतो. पुढे १९०० मध्ये फील्डमार्शल करून चीनला पाठवला, बॉक्सर बंड मोडायला आलेल्या आठ देशांच्या फौजांचा मुख्य म्हणून. त्या फौजांत ब्रिटिशांकडून हिंदी शिपाईही होते. तो पोचला तेव्हा पेकिंग आधीच सुटलं होतं.

हिंडेनबर्गची वही १९१९ च्या उन्हाळ्यात बंद करा. २९ ऑगस्ट १९१६ पासूनचं जनरल स्टाफचं प्रमुखपद ही शेवटची मोठी नोंद, आणि शेवटच्या पदकांत मार्च १९१८ चा आयर्न क्रॉसचा तारा, जो त्याच्याआधी फक्त नेपोलियनविरुद्ध लढलेल्या ब्ल्यूखर या प्रशियन सेनापतीला मिळाला होता. १९२५ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९३३ मध्ये हिटलरला चॅन्सेलर नेमलं, त्याची चौकशी स्वतंत्र रजिस्टरात करा. तिथे रकाने वेगळे लागतील: कोण भेटायला आलं, कोणत्या कागदावर सही झाली, आणि सहीच्या वेळी खोलीत कोण होतं.